अव्वाच्या आवाजाचं कुलूप

सोलापूर,
३ फेब्रुवारी २०२५

चि. वीरू,

फोन न करता मेल लिहिते आहे, कारण घरात फोनवर बोललेलं सगळं अप्पांना ऐकू जातं. साखरेनं डोळे गेल्यापासनं त्यांचे कान भिंतीपलीकडचं पण ऐकतात. म्हणून एमआयडीसीतल्या ऑफिसातनं, जेवणाच्या सुट्टीत लिहिते. बाहेर टॉवेलचे माग धडधडतायत, इथं कुणाचं कुणाकडं लक्ष नाही.

अव्वाचं ॲप बंद पडलंय.

ऑपरेशनच्या वेळी तू आला होतास, पण त्यानंतर ते ॲप आमच्या घरात काय होतं ते तू बघितलं नाहीस. स्वरयंत्र काढायच्या आधी अव्वा त्या टॅबसमोर बसून मराठी आणि कन्नड वाक्यं वाचायची, आठवतंय ना? दुधनीच्या अंगणवाडीत पोरांना गोष्ट सांगायची तशी, हात हलवून. ऑपरेशननंतर ती टाइप करायची आणि टॅब तिच्याच आवाजात बोलायचा. तोच थोडा घोगरा, शेवटाला वर चढणारा आवाज. तिला बोलता येत नाही, अप्पांना दिसत नाही. दोघांच्या मधे तो टॅब होता. कन्नडातनं भांडायचे की रे दोघं! मी कामावरनं आले की दारातच ऐकू यायचं.

मागच्या आठवड्यात टॅबवर इंग्रजी पाटी आली, ही सेवा बंद केली आहे. कंपनीचा फोन लागत नाही, मेलला उत्तर नाही. मी दुसरं एक फुकटचं ॲप घातलं. त्यातली बाई चांगलं बोलते, टीव्हीवरच्या बातम्यांसारखी. अप्पा म्हणाले, "ही कोण बाई? हिला म्हणावं, जा तुज्या घरी." अव्वा आधी हसली, मग भिंतीकडं तोंड करून पडून राहिली.

आता ती पाटीवर खडूनं लिहिते आणि मी अप्पांना वाचून दाखवते. पण वीरू, नवरा-बायकोचं सगळंच लेकीनं वाचायचं असतं का? आणि मी कामावर असले की दिवसभर दोघं एका खोलीत नुसती बसलेली असतात.

तू कॉम्प्युटरमधला. काही होतंय का बघ.

तुझी अक्का,
श्रीदेवी

•

बेंगळुरू,
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय अक्का,
शरणु.

तुझी मेल वाचून काम सुचेना. आई गेल्यावर मला सांभाळलं ते दोड्डव्वानं, तुझ्या अव्वानं. मी पहिल्यांदा 'ग गवताचा' म्हणालो तो तिच्याच मागनं.

चौकशी केली. ती कंपनी दुसऱ्या मोठ्या कंपनीनं विकत घेतली. नव्या मालकांना मराठी आणि कन्नड आवाजांत धंदा दिसत नाही, म्हणून त्यांनी ते बंद केले. पण घाबरू नकोस. दोड्डव्वाच्या आवाजाची फाइल टॅबमध्येच आहे, पुसलेली नाही. फक्त तिला कुलूप आहे. कुणी नक्कल करून विकू नये म्हणून कंपन्या असं कुलूप घालतात. किल्ली त्यांच्याकडं, आणि त्यांनी दुकान बंद करून किल्ली नेली.

माझा मित्र गुरु, मी आणि आणखी काही जण सुट्टीच्या दिवशी मिळून एक प्रोग्राम लिहितो, तुला मागं सांगितलं होतं. आंधळ्या माणसांना पडद्यावरचं वाचून दाखवणारा. तो कुणाच्या मालकीचा नाही. कसा लिहिलाय ते सगळं उघडं आहे. कुणीही वाचावं, चुकलं असेल तर दुरुस्त करावं, पुढच्याला द्यावं. त्याच्याच जोडीला हे कुलूप उघडायचा वेगळा प्रोग्राम लिहिता येईल असं गुरुला वाटतं. तो कॉलेजात शिकवायच्या नोकरीसाठी थांबलाय, सध्या त्याला वेळ आहे.

टॅबमधली फाइल कशी पाठवायची ते खाली लिहिलंय. दोड्डव्वाला सांग, वीरूनं काम हातात घेतलंय.

तुझा,
वीरेश

•

सोलापूर,
२८ मार्च २०२५

वीरू रे,

चालू झालं!

तू सांगितलंस तसं सगळं केलं. मी स्वयंपाकघरात भाकरी थापत होते, अप्पा उंबऱ्याशी बसून शेंगा फोडत होते. अव्वानं कुणालाच न सांगता टाइप केलं. आणि घरात आवाज आला, "री, चा कुडद्री?"

अहो, चहा घेतला का. एवढंच.

अप्पांचे हात थांबले. मला वाटलं रडतील. रडले नाहीत. त्यांनी आधी शर्टाची वरची गुंडी लावली, कुणी मोठं माणूस घरी आल्यावर लावतात तशी. मग म्हणाले, "कुडदिल्ल. नी माडिकोट्र कुडितीनि." नाही घेतला, तू करून दिलास तर घेईन. अव्वा उठली आणि चहा ठेवला. माझी भाकरी तव्यावर करपली, पण करपू दे म्हटलं.

परवा दवाखान्यात तपासणीला गेलो होतो. मंद्रूपच्या रंभाबाईंचा टॅबसुद्धा असाच मुका झाला होता. त्यांचा मुलगा युवराज यानं तुमचा प्रोग्राम तिथंच उतरवून घेतला. रंभाबाई पहिलं वाक्य काय बोलल्या माहिती? "युवराज, केस काप." सगळा वऱ्हांडा हसला. गुरुला सांग, त्याचं तोंड न बघता इथल्या बाया त्याला आशीर्वाद देतायत.

अव्वा म्हणते (म्हणते बरं का, लिहीत नाही), वीरूला सांग, जेवत जा वेळेवर.

तुझी,
अक्का

•

सोलापूर,
६ मे २०२५

वीरू,

तू फोन उचलत नाहीस. दोन मेल केल्या त्यांचं पण उत्तर नाही. बरा आहेस ना?

टॅबनं रात्रीत आपला आपण काहीतरी अपडेट करून घेतलं आणि तुमचा प्रोग्राम चालेना झाला. परत उतरवून घ्यावा म्हटलं तर तुमचं पानच सापडत नाही. आंधळ्यांच्या वाचनाचा प्रोग्राम पण गेलाय तिथनं. युवराजचा पण फोन आला होता, रंभाबाई परत गप्प झाल्यात.

उन्हानं जीव नकोसा झालाय. अव्वाला गिळताना पुन्हा त्रास होतो. डॉक्टर तपासण्या करा म्हणतायत. तेवढं बघ रे लवकर. तुला तर एका सुट्टीचं काम.

अक्का

•

बेंगळुरू,
१५ मे २०२५

अक्का,

मेल मिळाली. सध्या ऑफिसात फार काम आहे. तो प्रोग्राम आम्ही बंद केला आहे. पुन्हा चालू होणार नाही. टॅबवर दुसरा एखादा आवाज घालून घ्या, हळूहळू सवय होईल. या विषयावर मेलवर काही लिहू नकोस.

दोड्डव्वाच्या तपासण्या करून घ्या.

वीरेश

•

सोलापूर,
१७ मे २०२५

वीरेश,

सवय होईल, असं तू लिहिलंस. मी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं, वाटलं दुसऱ्या कुणाची मेल चुकून मला आली.

सवय कशी होते ते सांगते. परवा अप्पा बाथरूमकडं जाताना स्टुलाला धडकले. अव्वा समोर बसलेली. तिला दिसत होतं की ते स्टुलाकडं चाललेत. ओरडता येईना. टाळ्या वाजवल्या तर ते उलट टाळ्यांच्या दिशेनं वळले आणि पडले. कपाळाला खोक पडली. मी आले तेव्हा ती पदरानं रक्त पुसत होती आणि ते तिला म्हणत होते, "बोलली का न्हाईस? इतका राग धरलास व्हय माजा?" तिला बोलता येत नाही याचा त्यांना क्षणभर विसर पडला होता. तिनं काय उत्तर द्यायचं?

तू मोठ्या शहरात मोठा झालास. ऑफिसचं काम असेल, मी नाही म्हणत नाही. पण जिनं तुला बोलायला शिकवलं तिच्यासाठी तुला एक सुट्टी निघाली नाही, हे मी अव्वाला सांगितलेलं नाही. ती रोज पाटीवर विचारते, वीरूचं काय आलं का? मी म्हणते, करतोय.

आता तुला त्रास देणार नाही.

श्रीदेवी

•

बेंगळुरू,
२ जून २०२५

प्रिय अक्का,

हे पत्र हातानं लिहून पोस्टात टाकतोय. वकीलबाईंनी मेलवर या विषयाचा शब्द काढायला मनाई केली होती, म्हणून तसं तुटक लिहिलं. तुझं उत्तर वाचून वाटलं, मनाई गेली खड्ड्यात. तुला खरं कळायला हवं.

एप्रिलमध्ये नव्या मालकांच्या वकिलांची नोटीस आली. कुलूप तोडणं हा गुन्हा, कुलूप तोडायचं साधन लिहिणं आणि वाटणं हासुद्धा गुन्हा. आमचं पान ज्या संकेतस्थळावर होतं त्यांनी चौकशी न करता सगळंच काढून टाकलं. त्यात आंधळ्यांचा प्रोग्रामही गेला, ज्याचा कुलपाशी काही संबंध नव्हता. मग पोलिसांत तक्रार. कुलूप उघडायचा भाग गुरुच्या नावावर होता, कारण आमच्यात ज्यानं लिहिलं त्याचं नाव उघडपणे लिहितात. चोर असतो तर नाव लिहिलं असतं का? गुरुचा लॅपटॉप, फोन जप्त झाले. त्याला नुकतीच सरकारी कॉलेजची नेमणूक मिळाली होती, ती पोलीस पडताळणीवर अडकली. त्याची आई माझ्या दारात येऊन बसली.

आमच्या वकीलबाई वैजयंतीताई म्हणाल्या, "कायद्यात 'हेतू' हा शब्द आहे. दुसऱ्याचा हक्क बुडवायच्या हेतूनं कुलूप तोडलं तरच गुन्हा. तुमचा हेतू तसा नव्हता. तुम्ही जिंकाल." मी विचारलं, "कधी?"

तेव्हा कंपनीनं तडजोड पुढं केली. दोघांनी लिहून द्यायचं की असा प्रोग्राम आम्ही पुन्हा लिहिणार नाही, ठेवणार नाही, दुरुस्त करणार नाही, कुणाला शिकवणार नाही. मग तक्रार मागं. गुरु सही करायला तयार नव्हता. मी त्याच्यापुढं माझी सही केली, म्हणून त्यानं केली. अक्का, त्या कागदावर सही करताना माझ्या डोळ्यांसमोर दोड्डव्वा होती. तिच्याच गळ्यातला आवाज, तिच्याच घरातल्या टॅबमध्ये, आणि तो बाहेर काढणारा गुन्हेगार.

आणखी एक. हा कायदा कडक करायचा नवा मसुदा आलाय. त्यातनं तो 'हेतू' शब्दच काढून टाकायचा आहे. म्हणजे कुणासाठी, कशासाठी, काही विचारायचं नाही. कुलपाला हात लावला की संपलं. मग आमच्यासारखे उघड्यावर लिहिणारे कुणी उरणार नाहीत, कारण कुठली ओळ कुणाच्या कुलपाला लागेल याचा भरवसा नाही. आम्ही हरकती गोळा करतोय. चोवीस तारखेला दिल्लीत मसुद्याच्या समितीपुढं सुनावणी आहे, मला बोलायचं आहे. तुमच्या घरात जे घडलं ते तुझ्या शब्दांत लिहून पाठवशील?

आणि हे नीट वाच. दोड्डव्वाची तब्येत खरंच जास्त असेल तर एक शब्द कळव. मी सही विसरेन, सोलापूरला येईन आणि टॅब चालू करून देईन. पुढचं पुढं.

तुझा,
वीरू

•

सोलापूर,
९ जून २०२५

प्रिय वीरू,

तुझं पत्र आलं. वाईटसाईट लिहिलं ते पोटात घाल.

इथलं सगळं बरं आहे. अव्वाच्या तपासण्या झाल्या, डॉक्टर औषधं देतायत. जरा जास्त झोपते एवढंच. अप्पांना त्या टीव्हीवाल्या बाईच्या आवाजाची सवय झाली, आता तिला घालवत नाहीत. तू यायची काही गरज नाही. सही मोडायची तर मुळीच नाही. गुरुची नोकरी लागू दे.

हरकतीचा मजकूर सोबत जोडलाय. मला कायद्याचं कळत नाही, म्हणून स्टुलाचं आणि चहाचं जसं झालं तसंच लिहिलंय. रंभाबाईंचा अंगठा आणि युवराजची सही पण घेतली. मंद्रूपच्या बाजारात युवराजनं आणखी लोकांच्या सह्या घेतल्या. लोक विचारत होते, आवाजाला कुलूप कसं घालतात? त्यानं त्याच्या परीनं सांगितलं.

दिल्लीत नीट बोल. घाई करू नको, तू घाईत अडखळतोस.

तुझी,
अक्का

•

नवी दिल्ली,
२५ जून २०२५

प्रिय अक्का,

काल सुनावणी झाली. मोठा हॉल, थंडगार. कंपन्यांच्या बाजूनं भरपूर वकील. आमच्या बाजूनं आम्ही, बंगालमधले एक अंध प्राध्यापक आणि ग्रंथालयाच्या एक बाई.

मी तुझा मजकूर जसाच्या तसा वाचला. चहापर्यंत आलो आणि तू म्हणालीस तसा अडखळलो. अध्यक्षांनी विचारलं, "पण त्या बाईंना लिहिता येतं ना?"

मी म्हणालो, "येतं, सर. ज्यांच्यासाठी लिहायचं त्यांना दिसत नाही."

मग समोरचे वकील उठले. "आम्हाला सहानुभूती आहे, पण एका घरासाठी कुलूप सैल केलं तर चोरांनाही तेच दार मिळेल." सगळ्यांनी माना डोलावल्या. हरकत नोंदवून घेतली. निर्णय कधी, ते सांगितलं नाही.

तरी मला हलकं वाटतंय. दोड्डव्वा बरी आहे, हा मोठा आधार. पुढच्या आठवड्यात थेट सोलापूरला येतो. तिला सांग, मी तिच्यासारखे हात हलवत बोललो.

वीरू

•

सोलापूर,
१० जुलै २०२५

वीरू,

तू अव्वाला माती द्यायला आलास, अप्पांच्या पाया पडलास आणि माझ्याशी एक शब्द न बोलता परत गेलास. तुझा राग मला कळतो. तुझं दिल्लीचं पत्र अव्वाला नेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी आलं.

मी खोटं लिहिलं होतं. तुझं जूनमधलं पत्र आलं तेव्हा डॉक्टरांनी हात टेकले होते. ते पत्र मी अव्वाला वाचून दाखवलं. तुला बोलावू का विचारलं. मला वाटलं ती हो म्हणेल. मला तेच हवं होतं. तिनं पाटी मागितली. बोटांत खडू धरवत नव्हता, मी हाताला आधार दिला. तिनं लिहिलं, "पोरांना त्रास नको. बरी हाय म्हणून कळव."

एवढी सरळ ओळ तिनं त्यानंतर लिहिली नाही.

मी तिचं ऐकलं. रोज वाटायचं तुला खरं कळवावं, आणि रोज गुरुची आई डोळ्यांसमोर यायची, तुझ्या दारात बसलेली. तिला मी कधी बघितलेलं नाही, तरी.

टीव्हीवाल्या बाईची सवय वगैरे काही झाली नव्हती. तो टॅब आम्ही कपाटावर ठेवून दिला होता. शेवटचे दिवस घरात कुणीच बोलत नव्हतं. अव्वाला येत नव्हतं, अप्पांना सुचत नव्हतं, आणि मी रडू येईल म्हणून तोंड उघडत नव्हते.

आता तू माझ्यावर कितीही रागाव.

अक्का

•

बेंगळुरू,
१७ जुलै २०२५

अक्का,

रागावलो होतो. अजून आहे. पण तुझ्यावर आहे की कुणावर, ते कळत नाही.

मी गुरुला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "सही मोड, मी तुझ्याबरोबर आहे." तू फेब्रुवारीत पाठवलेली दोड्डव्वाच्या आवाजाची फाइल माझ्याकडं होती. ती पुसायची असं मी लिहून दिलं होतं, पुसली नव्हती. काल मी ती उघडली. चालते. अक्का, तिच्या आवाजात माझं नाव ऐकलं, मग पुन्हा ऐकलं.

मी ती घेऊन येतो. त्यांनी काय करायचं ते करू दे. अप्पांना विचार, त्यांना काय ऐकायचं आहे. ते सांगतील ते तिच्या आवाजात ऐकवतो. रोज ऐकता येईल.

वीरू

•

सोलापूर,
२४ जुलै २०२५

(अप्पा सांगतात तसं लिहिते. मधे बोलायचं नाही अशी ताकीद आहे. – श्रीदेवी)

तम्मा वीरेशा,

तुज्या अक्कानं तुजं पत्र वाचून दावलं. दोनदा वाचायला लावलं मी.

तू लई केलंस पोरा. मला कायदा कळत न्हाय. मी दुधनीच्या अडतीत मापाडी हुतो. माप मारणारा चोर, एवढंच मला ठावं. बोलणारीचं बोलणं बंद करणाऱ्याला काय म्हणायचं, ते तुमी शिकलेली माणसं ठरवा.

आता तू इचारलंस त्येचं सांगतो. तुजी दोड्डव्वा गेली त्या दिवशी सकाळी मी तिच्याजवळ बसलो हुतो. तुजी अक्का औषध आणायला गेलती. तिनं माजा हात वढून घेतला आन तळहातावर बोट फिरवाया लागली. मला कळलं, ही काय तर लिहितीया. मी म्हणलं, "हळू लिही, मला समजंना." तिनं परत लिहिलं. परत लिहिलं. मी कन्नड शाळेत चार यत्ता शिकलेला, ती मराठी शाळेतली. जन्मभर आमी बोललो एका भाषेत, पण तिचं अक्षर मला कधी शिकावं वाटलं न्हाय. लागलंच न्हाय की कधी. ती बोलायची, मी ऐकायचो.

मग तिचं बोट थांबलं. मला वाटलं दमली. मी हात तसाच धरून बसलो. अक्का आली तवा तिनं सांगितलं.

काय लिहीत हुती ते मला आजूनबी कळलं न्हाय. अक्काला मी हातावर तसंच गिरवून दावतो, तिला लागत न्हाय. मी चुकीचं गिरवत आसंन.

तू म्हणतोस, तिच्या आवाजात ऐकवतो. काय ऐकवशील? तिला जे म्हणायचं हुतं ते तुज्या मशीनला ठावं न्हाय, तुला न्हाय, मला न्हाय. तू लिहिशील ते ती बोलंल. मी सांगंन ते ती बोलंल. ती जित्ती आसताना आसं कधी कुणाचं ऐकून बोलली न्हाय रे. तिच्या तोंडातनं दुसऱ्याचं बोलणं मला नगं.

जवा ती बोलणारी हुती तवा कुलूप काडाया पायजे हुतं. आता काडलं तर आत कोण हाय?

म्हणून माज्यासाठी ते आणू नगं. पुसायचं का ठेवायचं ते तुज्या मनानं कर. पर माज्यासाठी म्हणून त्या गुरुच्या आईला परत कुणाच्या दारात बसवू नगं. रंभाबाई मातूर जित्ती हाय. तिचं काय करता येतंय ते त्या दिल्लीवाल्यांना इचार. न्हाय म्हणाले तर परत इचार.

आन तू ये. पाऊस उघडलाय, गाड्या वेळेवर हायत. हितं आमी दोगंच हाओत, दोगंबी कमी बोलतो. तू येऊन नुसता बसलास तरी चालंल.

शरणबसव